धुळीचे महिने आणि अठरा रुपयांची सुई

२०२४ च्या जानेवारीतली गोष्ट. एका बँकेच्या सिस्टिमचं काम होतं म्हणून सात आठवडे नायजेरियात, कानो शहरात होतो. पहिल्या दिवशी सकाळी उठून पडदा सरकवला तर बाहेर मस्त धुकं. च्यायला, आफ्रिकेत धुकं? लोणावळ्याची वगैरे आठवण येऊन मी खिडकी उघडली आणि दोन मिनिटांत दाताखाली कचकच झाली. ते धुकं नव्हतंच. धूळ होती. मैद्यासारखी बारीक, हवेत नुसती तरंगणारी. रस्त्यापलीकडची मशीद दिसत नव्हती आणि सूर्य पांढऱ्या बशीसारखा दिसत होता.

मला लहानपणापासून दमा आहे, त्यामुळे धूळ म्हटलं की हात आधी खिशातल्या पंपाकडे जातो. ऑफिसने दिलेल्या गाडीचे ड्रायव्हरकाका (वय पंचेचाळीसच्या आसपास, त्यांचं नाव इथे देत नाही) माझा एकूण अवतार बघून हसले आणि जाता जाता त्यांनी मला हरमॅटनचा क्रॅश कोर्स दिला. हरमॅटन म्हणजे सहारातून ईशान्येकडून येणारा कोरडा वारा, साधारण नोव्हेंबरअखेर ते मार्च. हाउसा भाषेत या दिवसांना 'हुंतुरू' म्हणतात. नाकातोंडावर ओला फडका बांधायचा. नाकपुड्यांना आतून आणि ओठांना शिया बटर लावायचं, नाहीतर रक्त येतं. तहान नसली तरी पाणी प्यायचं. दिवसा खिडक्या घट्ट बंद.

"आणि ओगा (म्हणजे साहेब), रात्री झोपताना मात्र खिडकी उघडी ठेव."

मला वाटलं माझं काहीतरी ऐकण्यात चुकलं. दिवसभर धूळ बाहेर ठेवायची आणि रात्री तिला आत बोलवायचं? आमच्या भाषेत सांगायचं तर दोन रिक्वायरमेंट एकमेकींच्या विरुद्ध. मी विचारलं का, तर त्यांनी एकच शब्द सांगितला : 'सांकाराऊ'.

हा सगळा लेख त्या खिडकीबद्दल आहे.

आधी धूळ कुठून येते ते बघू. कानोपासून ईशान्येला हजार-अकराशे किलोमीटरवर चाड देशात बोडेले नावाचा एक खोलगट प्रदेश आहे. काही हजार वर्षांपूर्वी तिथे एक अवाढव्य तळं होतं, आजचं चाड सरोवर म्हणजे त्याचा उरलेला कोपरा. तळं आटलं आणि तळाशी राहिली ती डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळांची कवचं, पांढरी आणि भुसभुशीत. तिबेस्ती आणि एन्नेदी या दोन डोंगरांच्या मधल्या फटीतून हिवाळ्यात वारा असा घुसतो की नरसाळंच. तो ही पांढरी भुकटी उचलतो आणि पश्चिम आफ्रिकेवर पसरतो. त्यातली काही अटलांटिक ओलांडून पार अॅमेझॉनच्या जंगलापर्यंत जाते. जगातला धुळीचा सगळ्यात मोठा झरा म्हणून बोडेलेचं नाव घेतात. म्हणजे माझ्या दाताखाली जे कचकचत होतं ते एका मेलेल्या तळ्यातल्या मेलेल्या शेवाळांचं होतं तर!

गंमत म्हणजे गिनीच्या किनाऱ्यावर राहणारे जुने युरोपियन व्यापारी या वाऱ्याला 'डॉक्टर' म्हणायचे. वर्षभर दमट हवेत घामाने चिपचिपलेल्या माणसाला हा कोरडा वारा बरा वाटायचा, म्हणून डॉक्टर. आत, वाळवंटाच्या काठावर राहणाऱ्यांना विचारलं असतं तर नाव वेगळं निघालं असतं.

सांकाराऊ म्हणजे मेनिन्जायटिस, मेंदूच्या आवरणाचा ज्वर. ताप, भयंकर डोकेदुखी, उलट्या, मान ताठ. उपचार नसेल तर बहुतेक जण जातात. वेळेवर अँटिबायोटिक मिळालं तरी दहातला एखादा दगावतो, आणि जे वाचतात त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचं काही ना काही जातं. बहुतेकदा कान.

पश्चिम आफ्रिकेत याच्या मोठ्या साथी १९०५ च्या सुमारापासून नोंदवलेल्या आहेत, उत्तर नायजेरियात आणि आजच्या घानात. पुढची पन्नास-साठ वर्षं वसाहतीतले डॉक्टर एकच गोष्ट लिहीत राहिले : धुळीचे महिने लागले की साथ येते, पहिला पाऊस पडला की थांबते. अगदी स्विच बंद केल्यासारखी. १९६३ मध्ये लापेसोनी नावाच्या एका फ्रेंच लष्करी डॉक्टरने या सगळ्या नोंदी नकाशावर मांडल्या. त्याला दिसलं की साथी एका पट्ट्यात येतात, आणि त्या पट्ट्याच्या दोन्ही कडा पावसाने आखलेल्या आहेत. उत्तरेला वर्षाला ३०० मिमी पाऊस, दक्षिणेला ११०० मिमी. मधला भाग म्हणजे 'मेनिन्जायटिस पट्टा'. आज तो पश्चिमेला सेनेगलपासून पूर्वेला इथिओपियापर्यंत धरतात. (नुसत्या पावसावर गेलं तर आपलं पुणंही या मापात बसतं. पण आपल्याकडे बोडेले नाही!)

मग धूळ नेमकं काय करते? इथे एक गैरसमज आधी काढून टाकतो, कारण माझाही तोच होता. हा जंतू धुळीतून उडत येत नाही. तो माणसाच्याच घशात राहतो, आणि बहुतेकांच्या घशात काहीही न करता आठवडे, महिने राहून निघून जातो. ज्याच्या घशात आहे त्याला पत्ताही नसतो. खोकला, शिंक, एका ताटात जेवण, शेजारी झोपणं, असा तो पसरतो. प्रश्न असा की घशात निवांत बसलेला जंतू अचानक रक्तात का घुसतो आणि नेमका याच महिन्यांत का. सर्वमान्य अंदाज हा की कोरडी हवा आणि बारीक धूळ मिळून नाकाघशाचं आतलं ओलं अस्तर खरवडून काढतात, आणि तिथून जंतूला आत वाट मिळते. नेमकी यंत्रणा काय यावर शास्त्रज्ञांमध्ये अजून एकमत नाही. पण वेळेबद्दल वाद नाही. २००५ मध्ये फ्रेंच संशोधकांनी मालीतल्या साथींचे आणि वाऱ्याचे आकडे शेजारी ठेवले, तर हिवाळी वारा टिपेला पोचण्याची आणि साथ सुरू होण्याची वेळ एकच निघाली : वर्षाचा सहावा आठवडा, म्हणजे फेब्रुवारीची सुरुवात.

आता खिडकी. हुंतुरूच्या रात्री कानोत चांगलीच थंडी पडते, पारा १२-१३ अंशांपर्यंत उतरतो. बाहेर धूळ, बाहेर गारठा. साहजिकच लोक दारं-खिडक्या लावून एका खोलीत सात-आठ जण दाटीवाटीने झोपतात. आणि घशातल्या जंतूला नेमकं हेच हवं असतं. १९९७ च्या साथीनंतर उत्तर घानात एक पाहणी झाली. तिथे ज्या दोन गोष्टींनी धोका वाढलेला दिसला त्यातली एक होती रुग्णाबरोबर एका खोलीत झोपणं, आणि दुसरी लाकडाच्या चुलीवर बंद स्वयंपाकघरात रांधणं. म्हणजे धूर असो नाहीतर धूळ, घसा सोलवटणारं काहीतरी आणि शेजारी माणूस!

तर धूळ टाळायला खिडकी लावा, सांकाराऊ टाळायला उघडा. नायजेरियाच्या आरोग्य खात्याचा सल्ला आजही हाच असतो : गर्दी टाळा, हवेशीर खोलीत झोपा. सल्ला बरोबरच आहे. पण ज्याच्याकडे एकच खोली आहे, सहा मुलं आहेत आणि बाहेर धुळीची भिंत उभी आहे, त्याने नेमकं काय करायचं? ओला फडका, शिया बटर, पाणी हे सगळं उपयोगाचं आहे, मी सात आठवडे केलं आणि एकदाही हॉस्पिटल गाठावं लागलं नाही. पण याने धुळीचा त्रास कमी होतो, साथ थांबत नाही. शंभर वर्षं कुणाकडेच साथ थांबवणारं उत्तर नव्हतं.

लस नव्हती असं नाही. जंतूच्या अंगावर साखरेचं एक वेष्टण असतं, ते काढून त्याची लस १९७० च्या दशकापासून मिळत होती. पण तिच्यात तीन खोटी होत्या. दोन वर्षांखालच्या बाळाच्या शरीराला नुसती साखर शत्रू म्हणून ओळखताच येत नाही. मोठ्यांमध्ये संरक्षण दोन-तीन वर्षांत ओसरतं. आणि घशात बसलेल्या जंतूला ती हलवत नाही, त्यामुळे पसरणं चालूच. म्हणून पद्धत अशी होती की साथ येऊ द्यायची, रुग्ण एका आकड्याच्या वर गेले की लस मागवायची, ती येईपर्यंत निम्मी साथ होऊन गेलेली. प्रॉडक्शन कोसळल्यावर पॅच शोधायला बसणं म्हणा ना.

१९९६ मध्ये ही पद्धत पार उघडी पडली. १९९६-९७ या दोन मोसमांत पट्ट्यात अडीच लाखांवर रुग्ण आणि पंचवीस हजार मृत्यू. त्यातल्या एकट्या नायजेरियात १९९६ मध्ये एक लाखाहून जास्त रुग्ण, ११ हजारांहून जास्त मृत्यू. आणि कानो त्याच्या ऐन मध्यावर.

ड्रायव्हरकाका तेव्हा सतरा वर्षांचे होते. त्यांनी हे मला एका दुपारी ट्रॅफिकमध्ये सांगितलं, अगदी सहज. धाकटी बहीण दोन दिवसांत गेली. नऊ वर्षांचा भाऊ वाचला, पण त्याला तेव्हापासून ऐकू येत नाही. तो आता मोटरसायकली दुरुस्त करतो. इंजिनवर हात ठेवून बिघाड सांगतो म्हणे. सगळी भावंडं एकाच खोलीत झोपायची. खिडकी बंद होती. "आई अजून म्हणते, खिडकी उघडी ठेवली असती तर." यावर काय बोलायचं ते मला सुचलं नाही. मी पुढच्या गाडीच्या नंबरप्लेटकडे बघत बसलो.

त्या साथीनंतर आफ्रिकेतले आरोग्य अधिकारी जागतिक आरोग्य संघटनेकडे अडून बसले की आम्हाला साथ आल्यावर धावणारी नको, साथ येऊच न देणारी लस हवी. तंत्र माहीत होतं : साखरेला एका प्रथिनाशी जोडायचं. शरीर प्रथिनाला लगेच ओळखतं, आणि त्याच्याबरोबर आलेल्या साखरेचाही चेहरा लक्षात ठेवतं. यालाच 'कॉन्जुगेट' लस म्हणतात. अशी लस बाळांनाही चालते, टिकते जास्त आणि घशातला जंतूही हटवते. श्रीमंत देशांत अशा लसी निघतही होत्या. अडचण एवढीच की त्यांची किंमत सेहेलमधल्या कुठल्याच देशाला झेपणारी नव्हती.

२००१ मध्ये गेट्स फाउंडेशनने ७ कोटी डॉलर दिले आणि पाथ ही संस्था व आरोग्य संघटना यांनी मिळून 'मेनिन्जायटिस व्हॅक्सीन प्रोजेक्ट' सुरू केला. प्रमुख होते मार्क लाफोर्स. मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांनी आधी लस बनवून मग किंमत ठरवली नाही. आधी ते आफ्रिकेतल्या अधिकाऱ्यांना विचारायला गेले की तुम्हाला किती परवडेल. उत्तर आलं : डोसला ५० सेंटच्या आत. झालं, रिक्वायरमेंट फ्रीझ! आता या किमतीत जे बसेल तेच करायचं.

पाश्चात्त्य कंपन्यांशी बोलणी झाली, पण या भावात कुणी तयार होईना. मग वेगळं गणित मांडलं. तंत्रज्ञान एकाकडून, कच्चा माल दुसऱ्याकडून आणि बनवणारा तिसराच, जो एवढ्या कमी किमतीत कोट्यवधी डोस काढू शकेल. साखर सुरुवातीला अॅमस्टरडॅमच्या सिन्को कंपनीकडून. ती प्रथिनाला जोडायची युक्ती अमेरिकेच्या एफडीएच्या प्रयोगशाळेतली, कार्ल फ्रॅश आणि रॉबर्ट ली या दोघांची. आणि बनवणारा?

सीरम इन्स्टिट्यूट, हडपसर, पुणे.

हे वाचलं तेव्हा मी कानोतल्या हॉटेलच्या खोलीत होतो, आणि खरं सांगतो, थोडी लाज वाटली. मी वाढलो मगरपट्ट्याच्या अलीकडे. सीरमचं नाव बाकी देशासारखं मलाही २०२० मध्ये कोविडमुळे कळलं. त्याच्या दहा वर्षं आधी माझ्या घरापासून बसने अर्ध्या तासावर एका खंडाचा मोसम बदलणारी वस्तू तयार होत होती आणि आमच्या गल्लीत कुणाला गंधवार्ता नव्हती.

सीरमची स्वतःची कथाही या धाग्यात बसते. पूनावालांचा मूळ धंदा शर्यतीच्या घोड्यांचा. म्हातारे झालेले घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला जायचे, तिथे त्यांच्या रक्तातून धनुर्वाताचं प्रतिविष काढायचे. सायरस पूनावालांनी विचार केला, हे आपणच का करू नये? १९६६ मध्ये कंपनी निघाली. तिच्या पहिल्या उत्पादनांत धनुर्वाताची लस होती. आणि मेनिन्जायटिसच्या साखरेला जोडण्यासाठी जे प्रथिन वापरलं ते नेमकं हेच, धनुर्वाताचं टॉक्सॉइड, सीरमच्या घरचंच. (त्यामुळे ही सुई घेणाऱ्यांची धनुर्वाताविरुद्धची प्रतिकारशक्तीही वाढली. फुकटात मिळालेलं फीचर.)

पुण्याचे शास्त्रज्ञ अमेरिकेत जाऊन ती पद्धत शिकून आले. कंपनीच्या बाजूने या कामात कार्यकारी संचालक डॉ. सुरेश जाधव यांचा मोठा वाटा होता; २०२१ च्या डिसेंबरमध्ये ते गेले. २००५ मध्ये पहिल्या चाचण्या भारतात झाल्या, २००६ पासून माली आणि गांबियात. २०१० च्या जूनमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मान्यता दिली. नाव ठेवलं मेनआफ्रिव्हॅक. किंमत डोसला ४० सेंट. तेव्हाच्या भावाने अठरा रुपये, म्हणजे दोन वडापाव!

६ डिसेंबर २०१० ला बुर्किना फासोत मोहीम सुरू झाली. एक ते एकोणतीस वयाच्या सगळ्यांना एकच सुई. दहाएक दिवसांत तिथल्या एक कोटीहून जास्त लोकांना लस मिळाली. डोकं एका बाजूने चालवायचं तर ठीक, पण त्या देशात धुळीत, रस्ते नसलेल्या गावांत २ ते ८ अंशांवर ठेवलेली बर्फाची पेटी घेऊन पोचायचं म्हणजे काय, याचा विचार करा. म्हणून पुढे तपासून बघितलं की ही लस बर्फाशिवाय किती टिकते. ४० अंशांपर्यंत चार दिवस, असं उत्तर आलं. २०१२ मध्ये बेनिनच्या बानिकोआरा जिल्ह्यात दीड लाखाहून जास्त लोकांना अशी बर्फाविना नेलेली लस दिली. मला स्वतःला हा सगळ्या प्रकल्पातला सर्वात सुंदर भाग वाटतो, पण मी इंजिनिअर आहे, मला असल्याच गोष्टी सुंदर वाटतात :-)

परिणाम? चाडमध्ये २०११ च्या अखेरीस राजधानीभोवती १८ लाख लोकांना लस दिली. पुढच्या मोसमात तिथे मेनिन्जायटिसचं प्रमाण लस न मिळालेल्या भागापेक्षा ९४ टक्क्यांनी कमी निघालं. लोकांचे घसेही तपासले होते. लशीआधी ४२७८ जणांत ३२ जणांकडे 'ए' गटाचा जंतू सापडला, नंतर ५००१ जणांत एकाकडे. पुढच्या काही वर्षांत पट्ट्यात ३० कोटींहून जास्त लोकांना ही लस मिळाली, आणि 'ए' गटाचा शेवटचा निश्चित रुग्ण नोंदला गेला तो २०१७ मध्ये. धूळ तेवढीच आहे. बोडेलेत वारा तसाच घुसतो. खोल्या तेवढ्याच लहान आहेत.

इथेच थांबलो तर परीकथा होईल, म्हणून पुढचंही सांगतो. या जंतूचे अनेक गट आहेत. 'ए' गेला आणि 'सी' ने डोकं वर काढलं. २०१५ मध्ये नायजरमध्ये आणि २०१६-१७ मध्ये उत्तर नायजेरियात मोठी साथ आली, नायजेरियात १४ हजारांवर संशयित रुग्ण आणि ११०० हून जास्त मृत्यू. सगळ्यात जास्त मार बसला तो झाम्फारा राज्याला. तिथल्या गव्हर्नरांनी हा लोकांच्या पापांचा कोप असल्याचं सांगितलं, तेव्हा कानोच्या तत्कालीन अमीरांनी त्यांना जाहीरपणे झापलं की लस संपली असेल तर जाऊन घेऊन या. मग पुन्हा पाथ, पुन्हा पुणे. पाच गटांवर (ए, सी, डब्ल्यू, वाय, एक्स) एकच लस तयार झाली, २०२३ च्या जुलैत तिला मान्यता मिळाली, आणि २०२४ मध्ये ती सगळ्यात आधी वापरात आणणारा देश होता नायजेरिया. मी परत येऊन जेमतेम महिना-दीड महिना झाला होता.

जायच्या आधी मी ड्रायव्हरकाकांना सांगितलं होतं की तुमच्याकडे दिलेली लस माझ्या गावात बनते. त्यांच्या मोठ्या मुलीला ती मिळाली होती. ते स्वतः तिला घेऊन रांगेत उभे होते. त्यांना मात्र दिली नाही, कारण तेव्हा त्यांचं वय बत्तीस आणि मर्यादा एकोणतीसची. याचा त्यांना अजून राग आहे. मग त्यांनी विचारलं, "तू पण तीच घेतलीस ना?" नाही. मी पुण्यात ट्रॅव्हल क्लिनिकमध्ये चार-साडेचार हजारांची परदेशी चार गटांची घेतली होती, बिल कंपनीने भरलं. हे ऐकून ते इतके हसले की गाडी बाजूला घ्यावी लागली.

कामासाठी तिकडे बरेच जण जातात, म्हणून मुद्द्याचं : डिसेंबर ते जून पट्ट्यात जाणार असाल तर यलो फीवरबरोबर मेनिन्जायटिसची सुई निघायच्या किमान दहा दिवस आधी घ्या. दमा असेल तर पंप दोन न्या, एन-९५ मास्क इथूनच न्या, कॉन्टॅक्ट लेन्स घरी ठेवा. ताप आणि ताठ मान एकत्र आली तर सकाळची वाट बघू नका, त्याच तासाला हॉस्पिटल गाठा. आणि रात्री खिडकीचं काय करायचं ते तुमच्या तिथल्या ड्रायव्हरला विचारा. मी उघडीच ठेवायचो. सकाळी लॅपटॉपवर धुळीचा थर असायचा, तो फडक्याने पुसून कामाला लागायचो.